मोडलेली सावड

चित्रपटाची इंटरनेटवरून चोरी होऊ लागण्यापूर्वी चित्रपटाला आधी लहान व्हावे लागले. ३५ मिलिमीटरच्या फितीवरचा अडीच तासांचा चित्रपट म्हणजे पत्र्याच्या पेट्यांत भरलेली चौदा-पंधरा रिळे. ती रेल्वेच्या पार्सल डब्यातून आणि एस.टी.च्या टपावरून गावोगाव जात, आणि त्यांची नक्कल करायची तर प्रयोगशाळाच हाताशी असावी लागे. व्हिडिओ कॅसेटने नक्कल करणे घराघरांत आणले, तरी नकलेची नक्कल काढत गेले की चित्र धूसर होई आणि आवाज खरखरू लागे, त्यामुळे तिच्या फैलावाला आपोआप आळा बसे. डीव्हीडीवरच्या अंकीय प्रतीला हा आळा उरला नाही, कारण आकड्यांची हजारावी नक्कल पहिलीइतकीच स्वच्छ असते. म्हणूनच निर्मात्यांनी त्या तबकडीवर सीएसएस नावाचे सांकेतिक कुलूप घातले, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये नॉर्वेतील योन लेक योहान्सन या शाळकरी वयाच्या मुलाने अनामिक साथीदारांसह ते उघडणारी आज्ञावली जगापुढे ठेवली. नॉर्वेतील न्यायालयांनी २००३ मध्ये त्याला आधी खाली आणि मग अपिलातही निर्दोष ठरवले. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी तिचे कुलूप काढणे हा गुन्हा होत नाही, असा त्या निकालांचा आशय होता. त्याच सुमारास डिव्हएक्स ही संक्षेपणाची पद्धत पसरली. संक्षेपण म्हणजे एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जेवढे बदलले तेवढेच नोंदवणे आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळून टाकणे. या युक्तीने कित्येक गिगाबाइटचा चित्रपट ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत मावू लागला. तरीही टेलिफोनच्या तारेवरच्या ५६ किलोबिटच्या जोडणीने तो उतरवून घ्यायचा तर, जोडणी एकदाही न तुटता, सलग २९ तास लागले असते. चित्रपट लहान झाला होता, वाट मात्र अजून अरुंद होती.

ही वाट पुढच्या २५ वर्षांत ज्या प्रकारे बांधली गेली, तिच्याकडे सहसा चोरांच्या हत्यारांचा इतिहास म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे, कारण त्या काळात एकमेकांना न ओळखणाऱ्या लाखो माणसांनी एकमेकांचे काम कसे उरकावे याचे एक असाधारण तंत्रही घडले, आणि ते घडवण्यात संगणकतज्ज्ञांइतकाच वाटा न्यायालयांच्या निकालांचा होता. चित्रपटाची चोरी ही चोरीच आहे, याविषयी येथे कोणताही संदिग्धपणा ठेवायचा नाही. परंतु चोरीशी लढताना वाटपाची व्यवस्था मोडली गेली, चोरी मात्र निव्वळ धंद्याच्या रूपात टिकून राहिली, आणि या उलथापालथीत सर्वांत अधिक हानी मराठीसारख्या मर्यादित बाजारपेठेच्या भाषांतील चित्रपटांची झाली, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकी विद्यार्थ्याने सुरू केलेली नॅपस्टर ही सेवा चित्रपटांची नसून गाण्यांची होती, पण पुढचे सारे प्रश्न तिच्या रचनेतच दडलेले होते. गाण्याच्या फाइली लोकांच्या घरच्या संगणकांवर असत आणि एका घरातून थेट दुसऱ्या घरात जात. कंपनीच्या सर्व्हरवर फक्त कोणाकडे काय आहे याची सूची असे. ज्या वाचनालयात एकही पुस्तक नाही, केवळ गावातल्या सगळ्या घरांतील पुस्तकांची नोंदवही आहे, अशा वाचनालयाची कल्पना केली म्हणजे नॅपस्टर समजते. आपल्याकडे चोरीचा मालच नाही, हा कंपनीचा बचाव अमेरिकेच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये अमान्य केला, कारण नोंदवही ज्याच्या ताब्यात आहे त्याला व्यवहार ठाऊक असतो आणि तो थांबवण्याचे सामर्थ्यही त्याच्याकडे असते. जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडली. निकाल न्याय्य होता, पण त्यातून प्रत्येक नव्या रचनाकाराने एकच बोध घेतला: नोंदवही ठेवायची नाही.

नोंदवहीशिवाय शोध कसा घ्यायचा, याचे पहिले उत्तर मार्च २००० मध्येच नुटेला या प्रणालीने दिले होते. तिच्यात प्रत्येक संगणक आपल्या शेजाऱ्यांना विचारतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारतात, आणि प्रश्न दवंडीसारखा जाळ्यात फिरतो. माणसे थोडी असतील तर दवंडी चालते. लाखो झाली की दवंड्यांच्या गलक्यातच जाळे गुदमरते. काझासारख्या पुढच्या प्रणालींनी वेगवान संगणकांना आपोआप मुकादम नेमून तो गलका आटोक्यात आणला आणि त्यांच्या मार्फत पूर्ण लांबीचे चित्रपटही फिरू लागले. या पिढीचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २००५ रोजी ग्रॉक्स्टर या अशाच एका सेवेविरुद्धच्या खटल्यात एकमताने केला. याच न्यायालयाने १९८४ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरला अभय दिले होते, कारण ज्या यंत्राचा भरीव असा वैध उपयोग आहे त्याच्या निर्मात्याला ग्राहकाच्या गैरवापरासाठी दोषी धरता येत नाही. ग्रॉक्स्टर खटल्यात न्यायालयाने ते तत्त्व न मोडता त्याच्या शेजारी दुसरे तत्त्व उभे केले: जो उल्लंघनाला चिथावणी देतो, नॅपस्टरच्या अनाथ ग्राहकांना उघडपणे आमंत्रण देतो आणि त्यांच्या वर्दळीवर जाहिरातींचे पैसे मिळवतो, तो यंत्राच्या निर्दोषपणामागे लपू शकत नाही. हा निकाल विचारपूर्वक वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोष तंत्रावर न ठेवता हेतूवर ठेवलेला आहे. पुढच्या काळात भारतासह बहुतेक देशांत हा विवेक टिकला नाही.

नॅपस्टर ज्या महिन्यात बंद पडली त्याच महिन्यात, म्हणजे जुलै २००१ मध्ये, ब्रॅम कोएन या अमेरिकी आज्ञावलीकाराने बिटटॉरेंटची पहिली आवृत्ती खुली केली. येथे थोडे थांबून या तंत्राच्या आत डोकावणे आवश्यक आहे, कारण चोरीच्या चर्चेत त्याचे नाव सतत घेतले जाते आणि त्याची करामत जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. ७०० मेगाबाइटचा चित्रपट २५६ किलोबाइटच्या तुकड्यांत कापला तर त्याचे बरोबर २,८०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर गणिती प्रक्रिया करून २० बाइटचा एक ठसा काढला जातो. तुकड्यातला एक बिंदू जरी बदलला तरी ठसा बदलतो, त्यामुळे कोणी अनोळखी माणसाने खोटा तुकडा पाठवला तर तो तत्काळ ओळखू येतो आणि फेकला जातो. २,८०० ठसे म्हणजे ५६,००० बाइट. टॉरेंट म्हणून ओळखली जाणारी छोटी फाइल मुख्यत्वे एवढीच असते: पन्नासएक किलोबाइटची ठशांची यादी, जिच्यात चित्रपटाची एकही चौकट नाही.

सर्व तुकडे ज्याच्याकडे आहेत त्याला सीडर, म्हणजे बी पेरणारा, म्हणतात. हजार माणसांनी एकाच सर्व्हरकडून हा चित्रपट घ्यायचा तर त्या सर्व्हरला ७०० गिगाबाइट एकट्याने पाठवावे लागतात आणि मागणी वाढेल तसा तो कोलमडतो. बिटटॉरेंटमध्ये सीडर वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे तुकडे देतो आणि ती माणसे लगेच आपापसांत त्यांची अदलाबदल सुरू करतात, त्यामुळे गर्दी जितकी मोठी तितका वेग जास्त, असा उलटा न्याय तेथे चालतो. जो तुकडा गर्दीत सर्वांत दुर्मीळ आहे तो आधी घ्यायचा, असा एक नियम आहे, म्हणजे सीडर अचानक निघून गेला तरी कोणताही तुकडा नाहीसा होण्याचा धोका कमी राहतो. दुसरा नियम जशास तसे: जो मला वेगाने देतो त्यालाच मी वेगाने देईन, आणि न देणाऱ्याचा पुरवठा रोखीन. पण नुकत्याच आलेल्याकडे देण्यासारखे काहीच नसते, म्हणून दर ३० सेकंदांनी एका अनोळखी संगणकाला काही अपेक्षा न धरता संधी दिली जाते. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये सहकार्याविषयी जो सिद्धान्त मांडला त्याचे हे प्रात्यक्षिकच म्हणायला हवे. आणि मराठी मुलखाला तर यात काहीच परके नाही. आज माझ्या शेतावर तुझी बैलजोडी, उद्या तुझ्या शेतावर माझी, अशी जी सावड पेरणीच्या दिवसांत घातली जाई, तिच्यात पैशाची देवघेव नसे, हिशेब मात्र चोख असे, आणि अंगचोरी करणाऱ्याला पुढच्या हंगामात कोणी सावडीला घेत नसे. बिटटॉरेंट ही सावड आहे, फरक एवढाच की ती घालणाऱ्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते.

लिनक्ससारख्या मुक्त संगणकप्रणाली याच सावडीतून आजही वाटल्या जातात. स्पॉटिफाय ही संगीतसेवा २००८ मध्ये स्वीडनमधून सुरू झाली तेव्हा तिची संगणकावरील आवृत्ती २०१४ पर्यंत ग्राहकांच्याच संगणकांमधून गाणी फिरवत असे, आणि म्युटॉरेंट हे लोकप्रिय टॉरेंट-साधन लिहिणारा लुडविग स्ट्रिगेउस तिच्या आरंभीच्या अभियंत्यांपैकी होता. अधिकृत व्यवसायाने हे तंत्र वापरले ते त्याच्या गुणांमुळे, आणि चोरांनी वापरले तेही त्याच गुणांमुळे.

कोएनच्या रचनेत एक मध्य मात्र उरला होता. कोणाकडे कोणते तुकडे आहेत हे जुळवून देणाऱ्या सर्व्हरला ट्रॅकर म्हणत. स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या पायरट बे या संकेतस्थळाने टॉरेंटची सूची आणि ट्रॅकर दोन्ही चालवले, उघडपणे आणि कायद्याला आव्हान देत. ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी त्याचे सर्व्हर उचलले. ते काही दिवसांत पुन्हा चालू झाले. १७ एप्रिल २००९ रोजी चौघांना प्रत्येकी एक वर्षाची कैद आणि एकत्रितपणे ३ कोटी क्रोनर भरपाईची शिक्षा झाली, कैद पुढे अपिलात कमी झाली. पण तोवर ट्रॅकरची गरजच संपत आली होती. २००२ मध्ये माइमुनकोव्ह आणि माझियेर या संशोधकांनी मांडलेल्या कडेम्लिया या पद्धतीत नोंदवहीचे पानन्‌पान सुटे करून जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाकडे एकेक पान सांभाळायला दिलेले असते, आणि हवे ते पान थोड्याच विचारणांत सापडते. २००५ पासून टॉरेंट-साधनांनी ती स्वीकारली. ट्रॅकर गेला, मग टॉरेंटची फाइलही गेली आणि तिच्या जागी मॅग्नेट दुवा आला, जो म्हणजे चाळीस अक्षरांच्या एका ठशाभोवतीची जेमतेम एक ओळ. ती ओळ कागदावर लिहून खिशात घालता येते. नॅपस्टरची नोंदवही जप्त करता आली, काझाच्या मालकांवर दावा लावता आला, परंतु या ओळीला ना पत्ता आहे ना मालक. खटल्यांनी एकेक मध्य बोट ठेवून दाखवला आणि पुढच्या रचनेने तो तो काढून टाकला, याचा हा शेवटचा टप्पा होता.

मात्र या साऱ्या लोकसावडीच्या वर चोरट्या प्रती तयार करणाऱ्यांचे एक बंदिस्त, उतरंडीचे जग पूर्वीपासून होते, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केले तर चित्र एकांगी होईल. त्या जगातून बाहेर पडणाऱ्या फाइलीचे नावच एखाद्या पावतीसारखे वाचता येते: आधी चित्रपटाचे नाव, मग वर्ष, मग १०८०पी ही चित्राची उंची, मग प्रत कोठून आली, मग संक्षेपणाची पद्धत, आणि शेवटी आडव्या रेघेनंतर टोळीची सही. यातला ‘कोठून’ हा शब्द महत्त्वाचा. ‘कॅम’ म्हणजे चित्रगृहात बसून कॅमेऱ्याने टिपलेली, अधूनमधून प्रेक्षकांची डोकी आणि खोकला असलेली प्रत. ‘डीव्हीडी-रिप’ म्हणजे तबकडीवरून काढलेली. ‘वेब-डीएल’ म्हणजे ओटीटी सेवेच्या प्रवाहाचे कुलूप काढून जशीच्या तशी उचललेली. आज चांगली चोरटी प्रत बहुधा या तिसऱ्या वाटेने येते. डिजिटल चित्रगृहांतील यंत्रे चित्रात अदृश्य खूण मिसळतात, जिच्यावरून कॅमेरा कोणत्या पडद्यासमोर आणि कोणत्या वेळी लागला होता हे शोधता येते, आणि त्या खुणेने चित्रगृहातील चोरी बरीच धोक्याची केली आहे. ओटीटीच्या प्रवाहाचे रक्षण त्या मानाने कमकुवत ठरले.

साधारण २००५ ते २०१२ या काळात चोरीचे वाहन बदलले, आणि हा बदल लेखाच्या प्रतिपादनाला सर्वांत जवळचा आहे. इंटरनेटची जोडणी वेगवान झाली, साठवणूक स्वस्त झाली, आणि फाइल एका मोठ्या सर्व्हरवर चढवून तिचा दुवा वाटणे सोपे झाले. मेगाअपलोडसारख्या सेवा यावरच उभ्या राहिल्या. १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेने मेगाअपलोड बंद पाडली आणि तिचा संस्थापक किम डॉटकॉम याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. तिची जागा थेट पडद्यावर चित्रपट दाखवणाऱ्या असंख्य चोरट्या स्थळांनी घेतली, आणि भारतात पुढे टेलिग्रामवरच्या वाहिन्यांनीही. म्हणजे जो मध्य इतक्या कष्टाने काढून टाकला होता तो परत आला, आणि आणला तो धंदेवाल्यांनी. टॉरेंट वापरणाऱ्याला निदान घेतलेले परत द्यावे लागे. काही बंद मंडळ्यांत तर घेतलेल्या आणि दिलेल्या मापाचे प्रमाण ठरावीक आकड्याखाली गेले की सभासदत्व जाई. चोरट्या प्रवाहाच्या प्रेक्षकाला काही द्यावे लागत नाही, असे दिसते खरे. प्रत्यक्षात तो जुगाराच्या जाहिराती, फसवी बटणे आणि संगणकात शिरणाऱ्या घातक आज्ञावली यांच्या रूपाने किंमत मोजतो, आणि ती किंमत ना निर्मात्याकडे जाते ना सहप्रेक्षकाकडे; ती पूर्णपणे अशा मधल्या माणसाच्या खिशात जाते ज्याने चित्रपट बनवलाही नाही आणि वाटलाही नाही. सावडीत जी थोडीबहुत नीती होती ती येथे उरलेली नाही.

भारतीय कायदा या बदलाकडे फारसे लक्ष न देता अधिकाधिक कठोर होत गेला. महाराष्ट्रात १९८१ चा एक प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अधिनियम आहे, जो लोकांच्या तोंडी झोपडपट्टीदादा कायदा या नावाने रुळलेला आहे. त्याच्या लांबलचक शीर्षकात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांच्या रांगेत २००९ च्या दुरुस्तीने व्हिडिओ पायरट्स, म्हणजे दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, यांना बसवण्यात आले, आणि अशा व्यक्तीला खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची मुभा राज्याला मिळाली. सीडी विकणाऱ्या फेरीवाल्याला हातभट्टीवाल्याच्या पंगतीला बसवणारी ही तरतूद चोरीच्या खऱ्या उगमापर्यंत पोचू शकत नव्हती, कारण तो उगम तोवर महाराष्ट्राच्याच नव्हे, देशाच्याही हद्दीबाहेर गेलेला होता. २०२३ च्या चलचित्र दुरुस्ती अधिनियमाने चोरट्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. दरोडेखोर खिडकीने येत असताना दाराला आणखी एक अडसर घातल्यासारखे हे झाले.

दिवाणी न्यायालयांतील वाटचाल अधिक बोधप्रद आहे. प्रतिवादी कोण हेच माहीत नसेल तर अमेरिकेत त्याला जॉन डो म्हणतात. भारतीय न्यायालयांत त्याचे नाव अशोक कुमार ठेवले गेले, आणि प्रत्येक मोठ्या चित्रपटाच्या आधी या काल्पनिक अशोक कुमारविरुद्ध आदेश मिळवण्याची प्रथा २०११ च्या सुमारास रूढ झाली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या सरधोपट मागण्यांना लगाम घातला: संपूर्ण संकेतस्थळ न रोखता चोरीचा नेमका पत्ता दाखवा, तो तपासल्याचे प्रतिज्ञेवर सांगा, आणि रोखलेल्या पानावर ते कोणत्या आदेशाने रोखले हे वाचकाला कळू द्या. ही भूमिका ग्रॉक्स्टर निकालातील विवेकाच्या जवळची होती. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली आणि चोरीसाठीच चालवल्या जाणाऱ्या स्थळांना पूर्णपणे, तसेच त्यांच्या नव्याने उगवणाऱ्या प्रतिरूपांनाही, रोखण्याचा मार्ग खुला केला. २०२३ मध्ये तर अजून निर्माणही न झालेल्या कलाकृतींना आगाऊ संरक्षण देणारा आदेश निघाला. स्थळे रोज नाव बदलतात म्हणून हे करावे लागले, हे समजण्यासारखे आहे. परंतु असे आदेश मिळवण्यासाठी वकील, सततची पाळत आणि दिल्लीतील न्यायालयीन खर्च परवडावा लागतो. जागतिक स्टुडिओंना तो परवडतो. सोलापूर किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या निर्मात्याने घर गहाण ठेवून काढलेल्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला ही ढाल येत नाही.

येथे महाराष्ट्राच्या प्रेक्षकाकडे वळले पाहिजे. ज्या तालुक्यात पडदा नाही तेथे चित्रपट नेण्याचे काम अनेक दशके जत्रांमधल्या तंबूंनी केले; ट्रकमधून प्रक्षेपक आणि रिळे नेणाऱ्या टुरिंग टॉकीजचे तिकीट परवडणारे होते आणि ती चोरी नव्हती. तंबू उठत गेले, एकपडदा चित्रगृहे बंद पडत गेली, आणि त्या रिकाम्या जागेत मोबाइल रिचार्जची टपरी उभी राहिली. टपरीवरच्या संगणकात हिंदी, मराठी, डब केलेले दक्षिणी असे फोल्डर लावलेले असत. गिऱ्हाईक फोनमधून नखाएवढे मेमरी कार्ड काढून पुढे करी, आणि दहा-वीस रुपयांत ते गाण्यांनी आणि चित्रपटांनी भरून मिळे. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ चित्रगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी प्रत अशाच मार्गांनी गावोगाव पोचली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिओची स्वस्त जोडणी आली आणि कार्ड भरून घेण्याचीही गरज संपली. ‘सैराट’ने तरीही मराठी चित्रपटाचा तोवरचा सर्वांत मोठा गल्ला जमवला. त्यावरून चोरीने काही बिघडत नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल, कारण ‘सैराट’ ज्या लाटेवर स्वार झाला ती लाट दर वर्षी प्रदर्शित होणाऱ्या मराठी चित्रपटांपैकी एखाद-दुसऱ्याच्याच नशिबी असते.

नुकसानीचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू सोयीचे गणित करतात. प्रत्येक चोरटी प्रत म्हणजे एक बुडालेले तिकीट, हे उद्योगाचे गृहीतक खोटे आहे, कारण ज्या गावापासून ४० किलोमीटरवर पडदा नाही तेथील माणसाने ते तिकीट काढलेच नसते. चोरटी प्रत पाहणारा मुळातच गिऱ्हाईक नव्हता, हे समर्थकांचे गृहीतकही तितकेच खोटे आहे, कारण पुण्या-मुंबईत पडदा हाताशी असूनही फुकटची प्रत पाहणारे थोडे नाहीत. मेगाअपलोड बंद झाल्यानंतर चित्रपटांच्या तिकीटविक्रीचे काय झाले याचा पॉयकर्ट, क्लाउसेन आणि क्रेचमर या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा पुष्कळ पडद्यांवर लागणाऱ्या मोठ्या चित्रपटांनाच त्याचा फायदा झालेला आढळला. सर्व चित्रपट मिळून पाहिले तर सरासरी परिणाम उलटा, म्हणजे घटीचा होता. चोरटी प्रत पाहणाऱ्यांच्या तोंडून छोट्या चित्रपटाची जी वार्ता पसरत असे ती बंद झाली, हे त्यांनी सुचवलेले कारण आहे. मेगाअपलोडच्या अनुभवावरून मराठीबद्दल थेट विधान करता येणार नाही, आणि पहिल्या आठवड्यात फुटलेली प्रत छोट्या निर्मात्याला बुडवू शकते हे कोणत्याही सरासरीने झाकले जात नाही. इतके मात्र निश्चित की चोरीवरची सरसकट कठोर कारवाई मोठ्यांच्या उपयोगाची असते आणि छोट्यांच्या उपयोगाची असेलच असे नाही. छोट्यांना त्याहून अधिक गरज असते ती पोचण्याची.

पोचण्याने चोरी कमी होते याचा भारतीय पुरावा २००७ मध्येच मिळाला होता. मोझर बेअर या कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, पदपथावरच्या चोरट्या तबकडीच्या भावात, आणि जुने चित्रपट, मराठीही, वाण्याच्या दुकानापर्यंत नेले. कंपनी पुढे अन्य कारणांनी बुडाली आणि तबकडीचे युगही संपले. पण पोलिसांच्या छाप्यांना जे साधले नव्हते ते त्या २८ रुपयांनी काही काळ साधले, याची नोंद या व्यवसायाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. आजच्या ओटीटी सेवांनी सुरुवातीला हेच केले. नंतर सेवा वाढल्या, प्रत्येकीची वेगळी वर्गणी झाली, आणि मराठी चित्रपट एका सेवेवरून दुसरीवर जात, करार संपला की कोठेच दिसेनासे होत, अशा अवस्थेत आले. लंडन किंवा न्यू जर्सीतला मराठी माणूस पैसे द्यायला तयार असूनही दहा वर्षांपूर्वीचा एखादा चांगला मराठी चित्रपट त्याच्या देशात अधिकृतपणे उपलब्धच नसतो. अशा वेळी त्याला चोर म्हणण्यात कायदा बरोबर असतो, पण त्या कायद्याने निर्मात्याच्या पदरात काहीही पडत नाही.

चोरटे जाळे हा वारसा जपेल, अशी आशा काही जण बाळगतात, आणि ती तपासून घेतली पाहिजे. जगातील काही दुर्मीळ चित्रपट खरोखरच बंद मंडळ्यांतील हौशी माणसांनी उपशीर्षके घालून जिवंत ठेवले आहेत. पण सावडीचे एक मूळ दौर्बल्य आहे: मागणी असेपर्यंतच ती टिकते. शेवटच्या सीडरने संगणक बंद केला की २,८०० पैकी २,७९९ तुकडे हातात असूनही ठशाची ती ओळ रात्रंदिवस शेवटचा तुकडा हाकारत राहते. नव्या हिंदी चित्रपटाचे हजारो सीडर असतात. विस्मृतीत गेलेल्या मराठी चित्रपटाला बऱ्याचदा एकही नसतो. म्हणजे बाजार जे विसरतो तेच चोरही विसरतो. आणि विसरण्याची किंमत या प्रांताने मोजलेली आहे: जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारात नायट्रेट फितींना आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांची असंख्य रिळे जळून गेली. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची तर त्या आगीपूर्वीच एकही प्रत उरली नव्हती.

या ठिकाणी भारतीय प्रताधिकार कायद्यातली एक तरतूद सहसा कोणी आठवत नाही. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. १९६४ चे चित्रपट १ जानेवारी २०२५ रोजी सर्वांचे झाले. प्रभातचे १९३० च्या दशकातले चित्रपट, चित्रपट म्हणून, केव्हाच लोकांचे झालेले आहेत, मात्र त्यातील गीते आणि संगीत यांच्या हक्कांची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर स्वतंत्रपणे मोजावी लागते. मूकपटांना ती अडचणही नाही. दादासाहेब फाळके यांचे निधन १९४४ मध्ये झाले. त्यांनी १९१९ मध्ये आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्णाच्या भूमिकेत घेऊन काढलेला ‘कालिया मर्दन’ आज कोणाच्याही मालकीचा नाही, आणि त्याचा बराच भाग सुदैवाने बचावलेला आहे. तो टॉरेंटने वाटण्यासाठी ना परवाना लागतो ना अशोक कुमारविरुद्धचा आदेश. त्याचे तुकडे करायचे, ठसे काढायचे, चाळीस अक्षरांची ती ओळ शाळा-महाविद्यालयांना द्यायची, आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पुण्यातील इमारतीत एक संगणक सीडर म्हणून कायमचा चालू ठेवायचा, एवढेच काम आहे.